जड हाताचं टोपडं

आई, मला आता गोल विणता येतं. तुला यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी सांगते. क्रोशा म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईनं दोऱ्याचे फास एकमेकांतून ओढत विणायचं काम. इथं बेळगावच्या शहापुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा वर्ग भरतो, आणि निवृत्त झाल्यापासून मी तिथं जाते. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीहून लहान, पण सुई हातात घेतली की हेडमास्तरीण. साखळी आणि खांब, एवढ्या दोन टाक्यांच्या भांडवलावर मी पहिलं वर्ष काढलं. सरळ जायचं, वळायचं, सरळ यायचं. त्यातून मफलर होतात. जावयाला मफलर, दिराला मफलर, दूध घालणाऱ्या मामांना मफलर. बेळगावात थंडी पडते हे खरं, पण एवढीही नाही. शेवटी लेक म्हणाली, "आई, आता गळे संपले. दुसरं काहीतरी शीक."

दुसरं काहीतरी म्हणजे गोल. नवशिक्यांच्या बाकावरून उठायचं तर ताटलीएवढा गोल विणून तो टेबलावर सपाट बसवून दाखवायचा, असा बाईंचा नियम. माझा काही बसेना. खांब मोजून, वाढवायचे तिथं वाढवून, सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे करूनही कडा वर यायच्या आणि त्याची वाटी व्हायची. तशात लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली, आणि मी फुशारकीनं साऱ्या वर्गाला सांगून बसले, की बारशाला बाळाच्या डोक्यावर माझ्या हातचं टोपडं असणार. बाईंना म्हटलं, टोपडं म्हणजे वाटीच की, मग बिघडलं कुठं? त्या हसल्या. "आक्का, आपोआप झालेली वाटी म्हंजे टोपडं न्हवं. आदी सपाट याय पायजे, मग पायजे तवा वाटी करायची." बोलता बोलता त्या कन्नडवर जातात. माझ्या मुठीकडे बघून म्हणाल्या, "बिगी ब्याड्री, सडल माड्री." घट्ट नको, सैल करा. बायका हसल्या, मीही हसले, आणि सुई आणखी घट्ट धरली. कारण मनातून मला ठाऊक होतं, दोष सुईचा नाही, हाताचा आहे. माझा हात जड. ते तूच सांगितलं होतंस.

निपाणीतली आपली पुढची खोली. मे महिन्याची सुट्टी. तू आणि शेजारची आक्का भिंतीला पाठ लावून बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तुझी बोटं पान उचलतात, चिमूट भरतात, वळतात, दोरा गुंडाळतात, आणि तू हातांकडे न बघता मला पाढे विचारत असतेस. मी बारा वर्षांची. तुमचं बघून बघून मीही बिड्या वळायला लागते. संध्याकाळी तू त्या कारखान्यात देऊन येतेस, आणि मी दारातच विचारते, "माझ्या?" "तुज्या सगळ्या छाटात गेल्या," तू म्हणतेस. तपासणारा ज्या बिड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा, तो छाट. "तुजा हात जड हाय गं. पान वाया जातंय. सोड त्ये, जा, पुस्तक घे." तीन दिवस ओळीनं हेच. चौथ्या दिवशी मी सूप भिंतीला टेकवून ठेवलं ते ठेवलंच. पुढं शिवणाच्या तासाला मी मागच्या बाकावर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी करंज्यांना बसवलं, तर मी आधीच सांगून मोकळी झाले, की मला तळायला द्या, भरायला नको. तळण्यात मात्र माझा हात कुणी धरला नाही.

मागच्या महिन्यात बाळुत्यांसाठी जुनं लुगडं हवं होतं. धुऊन धुऊन कापडाला जो मऊपणा येतो तो दुकानात मिळत नाही, म्हणून बस धरून निपाणीला आपल्या शेजारच्या आक्काकडे गेले. आक्का नव्वदीला टेकली आहे. नजर शाबूत, आणि जिभेचं तर विचारूच नकोस. ती ट्रंक उपसत होती तोवर मी पिशवीतून विणकाम काढलं. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हात बग कसा चालतोय. आईसारका." मी म्हटलं, "कुठलं आक्का, माझ्या बिड्या सगळ्या छाटात जायच्या, तुम्हाला ठाऊक आहे की." तर लुगडं तसंच हातात धरून ती हसायला लागली ती थांबेचना.

"आगं येडे, तुजी एक बी बिडी छाटात गेली न्हाय! तुजी आई त्या आपल्या बिड्यांत मिसळायची. त्यो तपासणारा कवा एक शबुद बोलला न्हाय. मीच म्हटलं हुतं तिला, पोरीचा हात लई सारका हाय, बसव की आमच्यासंगं. तर खवळली की माज्यावर! म्हणाली, माज्या पोरीम्होरं तिच्या हाताला कुणी चांगलं म्हटलं, तर माज्याशी गाठ हाय. आठ दिस बोलली न्हाय माज्याशी."

परतीच्या बसमध्ये संकेश्वरपर्यंत मला तुझा राग आला. इतकी वर्षं मी करंजी भरली नाही, आई. दारात रांगोळी शेजारणीकडून घालून घेतली. मला नोकरी लागल्यावर तरी, निदान जाण्याआधी तरी सांगायचंस. विसरलीस, की बोलून बोलून तुझं तुलाच खरं वाटायला लागलं? मग संकेश्वर मागं पडलं आणि मला एकदम हसू फुटलं. तुला पत्त्यांत साधी लबाडी जमायची नाही, हातात चांगलं पान आलं की तोंडावर दिसायचं. आणि तीन दिवस दारात उभं राहून तू मला तोंडावर थाप मारलीस! पोरीच्या हाताचं कौतुक तोंडापर्यंत आलेलं तू कसं गिळलंस गं? शेजारची बाई विचारायला लागली, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काही नाही, माझा हात चांगला आहे." तिनं खिडकीकडे तोंड केलं. तू मला त्या भिंतीपासून उठवलंस, ते मला बारा वर्षांची असताना कळणं शक्य नव्हतं. आता कळलं, आणि हसता हसता रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सुई धरली. काही वेगळं केलं नाही, फक्त हाताकडे संशयानं बघायचं सोडलं. दोरा बोटांतून आपला आपण सुटत गेला. चौथ्या फेरीनंतर गोल टेबलावर ठेवला तर तव्यावर टाकलेल्या पोळीसारखा पसरला. बाईंनी तळव्यानं चारी बाजूंनी दाबून पाहिला आणि बोटानं खिडकीजवळचा बाक दाखवला. तो पुढच्या वर्गाचा बाक. आई, दहावी पास झाले तेव्हाही मी इतकी मिरवले नव्हते. आता मला कागदावरचा नमुना बघून विणता येतं, शिंपल्यांची किनार घालता येते, आणि वाटी पाहिजे तेव्हा वाटी. शिवाय बिडीपेक्षा यात एक मोठी मौज आहे. पान चिरलं की वाया गेलं, इथं शंभर वेळा उसवा, दोरा जसाच्या तसा.

नात झाली. कान थेट तुझे, बाहेर आलेले, म्हणून टोपड्याला कानांवर झडपा केल्या. बारशाच्या दिवशी पाहुणे जिना चढत होते, पाळणा सजला होता, लेक आतून ओरडत होती, आणि मी किनारीचे शेवटचे टाके घालत बसले होते. टोपडं बसलं, असं नेमकं बसलं, की निपाणीहून आलेल्या आक्कानं सगळ्यांदेखत नातीच्या आधी माझीच दृष्ट काढली. उशीर का झाला म्हणून जो तो विचारत होता. मी सगळ्यांना सांगितलं, आधीचं बिघडलं होतं, पार उसवावं लागलं. हे पत्र दोऱ्यांच्या पिशवीत तळाशी राहणार आहे, कुणी वाचायचं नाही, म्हणून तुला सांगते. टोपडं चार दिवस आधीच पुरं झालं होतं, आणि त्यात काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. मला पुन्हा विणायचं होतं.