आईचा फितरा

क्लीव्हलंड
२० जानेवारी १९९७

प्रिय नजातताईस,
हिकमतचा सलाम वि. वि.

इकडे सारे खुशाल. दहा रोजे झाले. यंदा मशिदीच्या फितरा समितीचं प्रमुखपद माझ्या गळ्यात पडलंय. माणशी तीन किलो धान्य किंवा त्याचे पैसे ईदच्या नमाजाआधी गरिबांकडे पोचवायचे. परवा एका म्हाताऱ्याने चारचौघांत विचारलं की तुझ्या आईचा फितरा कोण भरतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. नियम तू जाणतेसच : ईदच्या आदल्या सूर्यास्ताला माणूस ज्याच्या घरचं खातो, त्याने त्याचा फितरा द्यायचा. लोक म्हणणार, मुलगा असून आईला जावई पोसतो.

तेव्हा आईला मी इकडे आणतो, आणि कायमचीच आणतो. तळघरात छान खोली केली आहे, गालिचा आहे, टीव्ही आहे. सुहा म्हणते, सासूबाईंनी आता पळीसुद्धा हातात धरायची नाही.

कळावे. लोभ आहेच, तो रोज्यांनंतरही राहावा.
तुझा धाकटा,
हिकमत

डिअरबॉर्न
२५ जानेवारी १९९७

चि. हिकमत यास,
ताईचा आशीर्वाद, रागासकट.

फोन स्वयंपाकघरात आहे आणि आई चोवीस तास तिथेच, म्हणून लिहिते. आई आमच्याकडे आली त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात ती तुझ्याकडे अकरा दिवस राहिली, त्यातले चार तू बाहेरगावी होतास. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू फुलं पाठवलीस. ती फुलं बकरीने खाल्ली असती तर निदान तिचं तरी पोट भरलं असतं. आता समितीत बसलास तर आईची आठवण झाली होय? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बरा येतोस!

आईच्या ताटात पडतं ते माझ्या घरचं. तिचा फितरा फारिस देतात आणि तेच देतील. तीन किलो तांदळात आई विकत मिळत नाही, बाबा. आणि पळी हातात नसली तर ती करील काय? ईदचे मामूल, ती रव्याची खजूर भरलेली बिस्किटं, बेकरीवाले तिच्याच हातचे मागतात. सुहाच्या गालिच्यावर रव्याचा कण सांडला तर काय होईल, ते मी पाहिलं आहे.

सुहाला सलाम. माया पातळ झालेली नाही, पण घट्टही समजू नकोस.
तुझी ताई,
नजात

क्लीव्हलंड
३० जानेवारी १९९७

प्रिय ताईस,
सलाम वि. वि.

तुझ्या जिभेला रोजा नसतो हे ठाऊक होतं. आठ तारखेला, ईदच्या आदल्या दिवशी, दुपारी येतो. आईला गाडीत बसवून सूर्यास्ताला माझ्या घरी असेन. तिची बॅग भरून ठेव. मी समितीत सांगून बसलोय, आता माघार नाही.

तुझाच,
हिकमत

डिअरबॉर्न
१४ फेब्रुवारी १९९७

चि. हिकमत यास,
आईचा उदंड आशीर्वाद.

अक्षर नजातचं आहे, बोलणं माझं. तिला बजावलंय की मी सांगेन ते लिहायचं, गाळायचं नाही.

मला घ्यायला आलास, पण तुझ्या मागोमाग बर्फ आलं. हमरस्ता बंद झाला आणि सूर्यास्ताला तू माझ्या समोर बसून मसुराच्या सुपाचे तीन वाडगे रिचवलेस. रात्री सोफ्यावर घोरलास. सकाळी तोंड पाडून गेलास. जाताना माझा नीट निरोपही घेतला नाहीस, म्हणून हे पत्र.

तुम्हा दोघांची पत्रं, तुझी आल्यावर आणि नजातचं टपालात पडायच्या आधी, मी नातीकडून वाचून घेतली होती. पन्नाशीला टेकलेली माणसं आईसाठी भांडतात याचं बरं वाटायला हवं होतं, पण मला किळस आली. कुणी विचारलं का मला, की मी कुणाचं खाते? नजात लिहिते, ताटात पडतं ते तिच्या घरचं. फारिसची नोकरी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरातलं तेल, मसूर, मांस माझ्या मामूलच्या पैशातून येतं. हे तिने तुला लिहिलं नव्हतं. (खरं आहे. लाज वाटते. – न.)

म्हणजे घरची कर्ती मी. नजात, फारिस, त्यांची तीन पोरं, मी आणि सूर्यास्ताआधी आलेला मुक्कामाचा पाहुणा, तू. सात माणसांचे एकवीस किलो तांदूळ मी नमाजाआधी दिले. कुणाला दिले ते सांगणार नाही.

तळघराचं म्हणशील, तर तळघरात आपण ऑलिव्हच्या बरण्या ठेवतो. मी येणार नाही. मला हाताला पीठ लागलेलं हवं. तुला भेटायचं असेल तर रस्ता तुला माहीत आहे.

सुहा फोनवर म्हणाली की तू परत पोचल्या पोचल्या मशिदीत सगळ्यांसमोर स्वतःचा फितरा भरलास. गरिबाच्या पोटात गेला, बरं झालं. पण बाळा, ते नुसतं दान झालं. तुझा फितरा तुझ्या आईने दिला आहे.

पोरांना पापे. माझी माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी,
आई