दादाचं बोलणं उतरवलं

धुळे, ९ फेब्रुवारी १९९६

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तेव्हापासून दादा हातात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर टाइप करून बोलायचा. दादा वारल्यापासून मला एकच धास्ती. सेल संपले की आतलं सगळं पुसलं जाणार. म्हणून आज वहिनी शिंदखेड्याहून तो छोटा कॉम्प्युटर घेऊन माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आल्या.

केबल लावली, तर मोठ्या कॉम्प्युटरवर नुसती वेडीवाकडी चिन्हं. मग लक्षात आलं, दोन्हीकडचा माहिती पाठवण्याचा वेग सारखा नाही. तो जुळवला आणि ओळी उतरायला लागल्या. अहिराणीच, पण इंग्रजी अक्षरांत. या वयात वहिनी ती अक्षरं शिकल्या होत्या, फक्त दादासाठी.

त्या पडद्यावर बोट ठेवून वाचू लागल्या. 'पंखा बंद कर.' 'तू जेवनी का?' 'लाईट गयी का?' पुन्हा 'तू जेवनी का?' शेवटी शेवटी तर तेवढंच. त्याच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तरी रोज तेच विचारणं. हे मला कुठे माहीत होतं?

वहिनी दर वेळी हळूच म्हणत होत्या, "हां, जेवनू." शेवटच्या 'तू जेवनी का?'वर त्या थांबल्या. बोट तिथेच.

"वहिनी, सकाळपासून काही खाल्लं का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"चला, घरी जेवायला."

"थांब भाऊ," त्या म्हणाल्या, "त्यासनं बठ्ठं बोलनं, सगळं, उतरू दे."