बारवकरांचा शेवट

लातूर, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिद्धेश्वर,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. सुकन्याची तब्येत कशी आहे? भावाच्या हातचा चहा पिऊन कंटाळली असेल.

तुझं पार्सल एसटी स्टँडवरून सोडवून आणलं. आपल्या खेळातली तुझी बारवकरांची अख्खी फौज, चाळीसच्या चाळीस सोंगट्या, एकेक कागदात गुंडाळलेली. मला कशाला? पुढच्या डावाला तुलाच लागणार.

सोबतची पानंही वाचली. आपल्या युद्धखेळाच्या बखरीची पाचवी आवृत्ती या पानांनीच संपवावी, इतकी चांगली आहेत. म्हातारा सेनापती इराण्णा शस्त्रं शत्रूला वाटून टाकतो, दिवे मालवतो आणि बारवेच्या शेवटच्या पायरीकडे एकटा उतरतो. वाचताना अंगावर काटा आला.

दोन दुरुस्त्या. चौथ्या आवृत्तीत ती बारव खेळातल्या २३८० सालीच बुजवली आहे. पण आपण नेहमी करतो तसं करू, आधीच्या बखरकाराला चुकीची बातमी मिळाली होती म्हणू. इराण्णाला पहिल्यांदा मारून परत आणलं तेव्हा ‘प्रेत सापडलं नव्हतं’ एवढं एक वाक्य पुरलं होतं. किती हसलो होतो आपण!

दुसरी मोठी आहे. इराण्णा असं का करतो? खेळणारी पोरं विचारतील. कारण लिहून पाठव.

तुझा,
अमरनाथ


निलंगा, १४ नोव्हेंबर
तुझ्याच टेबलावरून

सिद्धू,

सकाळी सुकन्याचा फोन आला. “अमरदादा, सिद्धू तुमच्याकडं हाय का? परवापासून घरी न्हाई. गाडी इथंच, फोन बी इथंच.” मी ‘नाही’ म्हणालो. ती म्हणाली, “मग कुणाकडं जाईल ओ त्यो? तुमच्याबिगर हाय कोण त्याला?”

तुझं दुकान मार्चपासून बंद आहे, हे मला आज कळलं.

पार्सल येऊन आठ दिवस झाले. त्या आठ दिवसांत मी तुझी पानं चार वेळा वाचली, सनावळ्या तपासल्या, दोन स्वल्पविराम घातले. फोन केला नाही. जूनमध्ये तू विचारलं होतंस, “चार दिवस येऊन राहू का?” मी पेपर तपासायचं निमित्त सांगितलं. पेपर तपासून झाले होते. मला तुझी ती लांबलचक गप्प बसण्याची सवय नको होती. हे डायरीतही लिहिलं नव्हतं.

माझं पत्र इथे उघडं पडलं आहे. ‘कारण लिहून पाठव’ याखाली तू पेन्सिलीनं रेघ ओढलीस. पुढे ‘कारण’ एवढंच लिहिलंस. बाकी पान कोरं.

बाहेर तुमच्या शेजारचा व्यंकटी जीप चालू ठेवून थांबलाय. मघाशी दारातून म्हणाला, “सर, शिवारातली जुनी बारव आधी बघून येऊ.” सुकन्यानं ते ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. इराण्णाला परत आणणारं आपलं ते हमखास वाक्य मला सारखं आठवतंय. वीस वर्षं ते मी किती सहज लिहिलं. आज व्यंकटीनं बारवेतून वर येऊन तेच सांगावं, एवढंच मागतोय, आणि तेही मागायची भीती वाटते.

मी निघतोय. माझ्याआधी तू घरी आलास तर आत सुकन्या आहे, तिच्यापाशी बस. काही बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. सोंगट्या परत आणल्या आहेत, खोक्यात आहेत.

दोघांच्या सह्या झाल्याशिवाय बखरीतलं काही घडलं असं धरायचं नाही, हा नियम तूच केलास. त्या पानांवर तुझी सही आहे.

माझी नाही. मी करणार नाही.

अमर