पेडवो कोणाचा

३ नोव्हेंबर

जनावरांच्या डॉक्टरांनी पेडव्याचा कान उलटा करून दाखवला. आतून पिवळा, हळदीचं बोट लावल्यासारखा. लिव्हर खराब झालंय. पूर्ण बरं होणार नाही, सांभाळायचं – गोळ्या, पावडर, दर चार तासांनी थोडं थोडं खाणं. आणि मीठ अजिबात नाही, नाहीतर पोटात पाणी भरेल.

मालवणच्या ह्या डॉक्टर, नाव तेजस्वी, आमच्या लेकीपेक्षा, सारिकापेक्षा, थोड्याच मोठ्या. सुरुवातीला माझ्याशी बोलत होत्या. मग ह्यांच्याशीच बोलायला लागल्या, कारण हे सगळं लिहून घेत होते.

नऊ वर्षं हे मांजर माझं. आचऱ्याच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता, तिथून पदरात घालून आणलं. मुठीएवढं, पेडवो मासळीसारखं चंदेरी, म्हणून नावच पेडवो. हे तेव्हा बोटीवर. नऊ वर्षं ह्यांनी त्याला बघितलं ते फोनवर, नाहीतर सुट्टीत चार दिवस. जूनमध्ये बोट कायमची सोडून घरी आले, आणि आज डॉक्टरांसमोर म्हणाले – "आमचो बोको."

आमचो!

५ नोव्हेंबर

फ्रिजवर कागद लागला. हे बोटीवर फिटर होते, इंजिनाची नोंद ठेवायची सवय. वेळ, गोळी, किती खाल्लं, उलटी झाली का, वजन.

सकाळी मी गोळी द्यायला गेले. पेडव्याने मनगट फाडलं आणि कपाटामागे जाऊन बसला. मी ओरडले त्याच्यावर. मग हे जमिनीवर पालथे पडले – साठीचा माणूस, गुडघे धड वाकत नाहीत – आणि पाऊण तास नुसतं "ये रे बाबा, ये." आला. गोळी गेली. वर त्यांच्याच मांडीवर झोपला.

मी भांडी घासली.

९ नोव्हेंबर

ह्यांच्या दिवसभर त्याला हाका. मला एकच – चिमटा खंय आसा म्हणून.

१४ नोव्हेंबर

शेजारची काशीबाई विरजण न्यायला आली होती. हे पेडव्याला सिरिंजने चिकनचं पाणी पाजत होते. थेंब थेंब, मध्येच ओल्या फडक्याने तोंड पुसायचं, पुन्हा थेंब. काशीबाई बघतच राहिली. "गो शर्मिला, अशी सेवा करणारो घोव खंय मिळता?"

मी हसले. विरजण दिलं. ती गेल्यावर मात्र सगळं वर आलं.

दोन हजार नऊ. मला कावीळ झाली होती. सारिका सहा वर्षांची. पोटात पाणीही ठरत नव्हतं. ह्याच काशीबाईने मला पेज भरवली, ह्याच काशीबाईने सारिकाची वेणी घातली. हे ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात. फोन आला – "औषध घेतंस मां? घे." संपलं. सात महिन्यांनी घरी आले तोवर मी उभी राहिले होते. माझं वजन किती उतरलं होतं, हे त्यांनी आजपर्यंत विचारलेलं नाही. मांजराचं रोज करतात, माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

लिहायलाही लाज वाटते. आजारी मांजराचा हेवा कोण करतं? मी करते. आणि ह्यांचाही करते, मांजर त्यांच्याकडे जातं म्हणून. दोन्हीकडून जळते आहे.

१९ नोव्हेंबर

मला वाटायचं, औषधवाल्या हाताला घाबरतो. पण आता औषध हेच देतात. तरी त्यांच्याकडेच जातो. मी खोलीत आले की उठतो.

२३ नोव्हेंबर

हे पावडर आणायला मालवणला गेले. मी जेवणासाठी खारा बांगडा भाजायला घेतला. वास सुटला आणि पेडवो आला – शेपटी उभी, पूर्वीसारखी. पायाला अंग घासलं. मी नखाएवढा तुकडा दिला. मग आणखी एक. बोटं चाटली माझी. मांडीवर चढला, गोल झाला, घुरघुरला.

भात करपला. पाय बधिर झाला. मी हलले नाही.

मीठ नको, हे माहीत आहे मला. एकदाच.

२६ नोव्हेंबर

आज पण दिला. हे सलूनमध्ये गेले होते.

२९ नोव्हेंबर

दिला. आता तो मी चुलीकडे गेले की पाठोपाठ येतो. ह्यांनी बघितलं. म्हणाले, "आज तुझ्या मागसून फिरता." आवाज पडला होता. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१ डिसेंबर

दिला.

४ डिसेंबर

पोट फुगलं. सकाळी बघितलं तर पखालीसारखं, श्वास वरवर चाललेला. रिक्षाने मालवण. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं. पेडवो ओरडलाही नाही, मान टाकून पडला होता.

"मीठ गेलंय का पोटात?"

"नाही नाही," हे म्हणाले. "मी स्वतः देतो सगळं." मग खिशातून फ्रिजवरचा तो घडी केलेला कागद काढला आणि तिथेच तपासायला लागले. बोट एकेका ओळीवरून.

रिक्षात आचऱ्यापर्यंत एकच – "माझाच कायतरी चुकला."

टोपली माझ्या मांडीवर होती. मी बाहेर बघत बसले.

५ डिसेंबर

सांगून टाकलं.

सिरिंज उकळत होते. मला विचारलं, "चिकनच्या पाण्यात माझ्या हातून मीठ तर पडला नसात? तू बघितलंस काय?" इतक्या गरीब आवाजात, की राहवेना.

"मी दिलंय. खारो बांगडो. चार वेळा."

"कित्याक?"

"तो माझ्याकडे येवक होयो म्हणान."

ओरडतील असं वाटलं होतं. गॅस बंद केला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेले आणि काविळीचंही सगळं बोलले. पेज, वेणी, दोन वाक्यांचा तो फोन. सोळा वर्षांचं एका दमात.

मग म्हणाले, "काशीबायन माका फोनार सांगितल्यान होता. तू काय जगणस नाय म्हणान. कप्तानाकडे रजा मागूक गेलंय आणि दारातसून परत इलंय. तुका तशी बघूची हिंमत नाय झाली, गो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"आता पळूक बोट नाय," म्हणाले.

माफ केलं असं नाही. चहा केला. दोघांचा.

११ डिसेंबर

आता दोघं मिळून करतो. हे धरतात, मी गोळी सोडते. जमतं. काल थोडी उकडलेली सुरमई खाल्ली त्याने, बिनमिठाची. कागदावर ह्यांनी माझ्या हातून गेलेल्या गोळ्यांचा नवा रकाना पाडला – शर्मिला. भाकरी थापता थापता मी दोनदा जाऊन तो बघून आले.

१६ डिसेंबर

डॉक्टर म्हणाल्या, आता फार दिवस नाहीत. त्रास होऊ देऊ नका, जवळ बसा. येताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला. पुढे रिक्षावाला असताना. लग्नानंतर पहिल्यांदा असेल.

"तो जाताना आपण दोगांय जवळ रवया," म्हणाले. मी हो म्हटलं.

१८ डिसेंबर

खात नाही. पाणी पितो. दोघांच्या मध्ये सतरंजीवर पडून असतो. ह्यांनी हात पुढे केला की डोळे उघडतो. मी केला की उघडत नाही. आज तीनदा करून बघितलं.

२१ डिसेंबर

पेडवो गेला. सकाळी, पडवीत ऊन आल्यावर, माझ्या मांडीवर.

हे मागे माडांना पाणी लावत होते. पंप बंद करून आले आणि उंबऱ्यातच थांबले. "हाक कित्याक नाय मारलंस, गो?"

म्हटलं, "वेळच मिळाक नाय. एका झटक्यात गेलो."

खाली बसले. त्याच्या पायावर हात ठेवला. मान हलवली. खरं वाटलं त्यांना.

झटक्यात नाही गेला. श्वास लागल्यापासून अर्धा तास होता.