आभाळाची वर्गणी

१२ नोव्हेंबर १९७४, सातारा

पुन्हा नानासो. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता कुणी कागद घेऊन दारात उभं राहणार नाही. कसलं काय! इंग्रजी येणाऱ्या बाईला या जिल्ह्यात मरेपर्यंत सुट्टी नाही. पेन्शन अडली — बाईंकडे जा. तार आली — बाईंकडून वाचून घ्या.

नानासो म्हणजे माझ्या शाळेत शिकलेल्या रंगूचा बाप. छत्रीवाल्या पलटणीत हवालदार होता. वीस वर्षं विमानातून उड्या मारल्या, आता कराडजवळ गावी ऊस करतो. आजची मागणी ऐकून मी चष्माच काढून ठेवला. परदेशांत हौशी छत्रीवाल्यांच्या संघटना असतात, त्यांची वर्षाची वर्गणी किती, आणि सगळ्यांत स्वस्त कुठला देश, एवढं विचारून द्यायचं.

"कशाला पण?"

"उडी मारायची हाय. पुन्याच्या इमानवाल्या क्लबात जाऊन आलो. खाजगी मानसाला न्हाई म्हनला. कुठल्यातरी संघटनेचा सभासद असशील तर बघू म्हनला. आपल्याकडं तसली कुठं गावंना."

"आणि सभासद झालास की तो विमान देईल?"

"देनार न्हाई तर जातोय कुठं? सभासदाचा ऊस कारखान्याला न्यायलाच लागतो."

"तू ऊस आहेस का?"

"व्हय की. तोडून बांधावर टाकलेला. रोज वजन घटतंय, बाई."

हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. लिहिते म्हटलं.

१५ नोव्हेंबर

चार पत्रं. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया. पत्ते त्याच्या जुन्या साहेबाने दिलेले. पाचगणीच्या नन्सनी छड्या मारून जे इंग्रजी शिकवलं, ते शेवटी या कामी आलं.

परदेशातून येणाऱ्या उत्तराचं टपाल आधीच भरायची कूपनं पोस्टात मागितली. खिडकीतला म्हणतो, "रेशनची तहसीलात मिळतात, मावशी." मावशी! मी त्याला त्याचंच नियमांचं पुस्तक उघडायला लावलं. कूपनं नव्हतीच. पण नियम होता.

२० डिसेंबर

उत्तर नाही. थंडी. गुडघे.

४ जानेवारी १९७५

इंग्लंडचं आलं. फार सभ्य पत्र. वर्गणी फार नाही, पण शिवाय तिथल्या एखाद्या स्थानिक क्लबाचं सभासद व्हायचं, त्याचे पैसे वेगळे, विमानाचे वेगळे.

नानासो आला तेव्हा मी पौंडाचे रुपये करून सांगू लागले. त्याने हात आडवा केला. "पौंड नगं आन् रुपय बी नगं. टनात सांगा. म्हंजे मला कळंल."

म्हणून आता इंग्लंडची वर्गणी उसाच्या टनात. टनाला थोडी कमी भरते. कॉन्व्हेंटमध्ये हे गणित शिकवलं नव्हतं.

१९ जानेवारी

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया एकदमच. अमेरिकेची वर्गणी टनाच्या वर, पण तिच्यात दर महिन्याला रंगीत मासिक येतं. "मासिक वाचनार कोन? त्याचं कापून घ्या म्हनावं," नानासो म्हणाला. ऑस्ट्रेलियात देशाची वेगळी आणि राज्याची वेगळी. हे मात्र त्याला लगेच समजलं. "आपल्यासारखंच की. ग्रामपंचायतीची पट्टी भरा, वर झेडपीची भरा."

जाताना विचारलं, "बाई, तुमी दमला न्हाई न्हवं?"

दमले आहे. पण हे विचारणारा तो एकटाच, म्हणून सांगितलं नाही.

२७ जानेवारी

नानासोची बायको आली, सुलाबाई. डोळे दाखवायला सिव्हिलला आले म्हणाली. डोळ्यांना काहीही झालेलं नाही. माझ्या स्वयंपाकघराची उतरंड तिला दारातून दिसली आणि तिने पुसलीही.

मग बसली आणि म्हणाली, "आवं बाई, तुमी त्यास्नी दर वाढवून सांगा. धा टन सांगा. मंग गप बसत्याल."

"मी खोटं सांगणार नाही."

"मंग खरं जरा कमी सांगा."

या बाईला शाळेत घालायला हवं होतं, इन्स्पेक्टर झाली असती.

नवरा कडब्याच्या गंजीवरून उड्या मारतो म्हणाली. पाय जुळवून. खाली पडला की लोळतो, उठतो, परत चढतो. गावातली पोरं शिट्ट्या मारतात. "हाड मोडलं तर उसाला पानी कोन पाजायचं? मी येकली?" तिचं बरोबर आहे. त्याचंही बरोबर आहे. अशा वेळी माझ्यासारखीने मधे पडू नये. पण पडले आहे ना.

दर मी खरेच सांगणार. तिला तसं सांगून टाकलं. चहा अर्धा ठेवून गेली.

९ फेब्रुवारी

फ्रान्सचं पत्र फ्रेंचमध्ये! गर्विष्ठ लोक. शब्दकोश शोधण्यात सकाळ गेली. सगळ्यांत महाग वाटलं, दोन टनांच्या वर. दुपारी शेवटचा परिच्छेद लागला तेव्हा कळलं, विमा त्यातच धरलाय. हाडं मोडली तर दवाखान्याचा खर्च संघटनेचा. बाकीच्यांनी विमा एक तर वेगळा लावलाय, नाही तर त्याचं नावच काढलेलं नाही.

म्हणजे इतके दिवस मी मूर्खासारखी दर शेजारी शेजारी मांडत होते. एकाच्या दरात नुसतं नाव, दुसऱ्याच्या दरात मासिक, तिसऱ्याच्या दरात पाय. तुलना कसली करायची?

नानासोला हे सांगितलं. बराच विचार करून म्हणाला, "फ्रान्स. सुलाला सांगता यील, हाडांची सोय हाय म्हनून."

१४ फेब्रुवारी

परदेशी पैसे पाठवायला परवानगी लागते. बँकेतल्या साहेबाने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला. "बाई, छत्री घेऊन उडी? या वयात?"

"कुठल्या वयात?" मी विचारलं.

अर्ज मुंबईला गेला. नानासो बाहेर उन्हात उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही.

१८ मार्च

मुंबईचा नकार. औषधाला परकीय चलन मिळतं, शिक्षणाला मिळतं. उड्यांना नाही. दोन ओळी, खाली सही, तीही वाचता येत नाही.

त्याला तोंडाने सांगितलं. "बरं," म्हणाला. टोपी घातली आणि गेला. चार देशांना पत्रं लिहून मी इतकी थकले नव्हते, जितकी त्या एका "बरं"ने.

२ एप्रिल

वाटलं होतं, सुटले. नाही. आज सकाळी हजर, नवा सदरा घालून.

"बाई, आपनच काडू."

"काय काढतोस?"

"सोसायटी. दूध सोसायटी हाय, पानी सोसायटी हाय. छत्रीची का न्हाई? पुन्याला परत जाऊन आलो. नोंदलेली संस्था आना, इमान भाड्यानं देतो म्हनला."

या जिल्ह्यात माणसाला काही मिळालं नाही, की तो सोसायटी काढतो. दहा सभासद लागतात. त्याने नावं आणलीच होती. तो आणि पलटणीतले सात पेन्शनर. एक मी — न विचारता! आणि दहावी सुलाबाई.

"ती तयार झाली?"

"नावापुरती. धा भरायला."

वर्गणी किती ठेवायची ते मीच ठरवावं म्हणाला. चार देशांचा अभ्यास झालाय ना तुमचा. विमा धरून ठेव म्हटलं, फ्रान्ससारखा. पाऊण टन.

२१ एप्रिल

निबंधकाच्या कचेरीतून कागद परत. एका घरातली दोन नावं चालत नाहीत. खोडा एक, दुसऱ्या घरातलं आणा. पोस्टकार्ड टाकून नानासोला कळवलं.

२४ एप्रिल

दोघंही आले. पलटणीतला आणखी एक पेन्शनर सापडला होता, म्हणजे काम एका रेघेचं. मी पेन उघडला आणि सुलाबाईला म्हटलं, "तुझं खोडते गं."

"माझं नगं. ह्येंचं खोडा."

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. समजावून सांगितलं, की ज्याचं नाव राहील तोच विमानात बसेल.

"कळलंय मला. वीस वर्सं मी खाली बसून तारेची वाट बगितली. आता ह्येनी खाली उबं ऱ्हावं."

नानासोने टोपी उचलली. मला वाटलं, उठून जाईल. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "दार उगडल्यावर डोळं मिटू नगंस."

मी त्याचं नाव खोडलं.