ओसरीवरचं तुझं मीटर

अमडापूर,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय कोकिळा,
अनेक आशीर्वाद.

“बाई, तो लाइट राहू द्या, मले अंधारात झोप येत नाही,” असं तू नवी नवरी होतीस तेव्हा म्हणाली होतीस. मग मी माजघरातला बल्ब चालूच ठेवायचे. सासूबाई बिलावरून बोलायच्या, आपण दोघी पांघरुणात हसायचो. आज दुपारी ओसरीत पडल्या पडल्या ते आठवलं.

इकडे, म्हणजे भिंतीच्या अलीकडे, सगळं ठीक. तूर घरात आली. हे खोकतात, औषध घेत नाहीत. पत्र पोस्टानं पाठवते आहे. भिंतीवरून दिलं तर ह्यांना नि भाऊजींना, दोघा भावांना कळेल. पोस्टमन हसेल, हसू दे.

वाटणीत भावांनी अंगण कापलं, पण तुझं मीटर माझ्या ओसरीतच राहिलं. त्यातला तांबडा ठिपका मी बघत असते. भराभर लुकलुकला की तू मिक्सर लावलास; शेंगदाण्याची चटणी असेल. मंद झाला की तू जरा टेकली असशील. बघता बघता माझे डोळे मिटतात आणि वाटतं, मध्ये भिंत नाहीच. तू आतच वावरते आहेस, आता हाक मारशील.

मागच्या आठवड्यात तो दिवसभर मंदच होता. मी मऊ भात घेऊन तुझ्या दारापर्यंत आले होते. भाऊजींच्या चपला दिसल्या. परत फिरले.

महिन्याला वीज कंपनीचा सहदेव मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायला येतो, तेव्हा तेवढी तू आकडा बघायला येतेस.

“पाणी घेतं का वं?”

“नको बाई, गॅस चालू हाय.”

मागच्या खेपेला तो म्हणाला, “काऊन हो वहिनी, आकडा तर मी घेतला. तुम्ही दोघी अजून काय पाहून राह्यल्या?” तू तोंडाला पदर लावलास. हसलीस, मला दिसलं.

तोच सांगून गेला, भाऊजींनी तुमच्या भिंतीवर नवं मीटर बसवायचा अर्ज दिला आहे. नवं मीटर आकडा आपोआप पाठवतं म्हणे. मग तुला इकडे यायचं कारणच नाही.

कोकिळा, भाऊजींना म्हण, मीटर आहे तिथंच राहू दे. का, म्हणून विचारतील. काय सांगायचं ते मलाही सुचत नाही. तू त्यांच्यापुढे बोलणार नाहीस, हे मी जाणते. तरी एकदा म्हणून बघ.

तुझीच,
पुष्पांजली