ढेकूण : निरंक

जव्हार, बुधवार

ती. वेणूताईस,

धाकट्या उत्तमचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भावोजींची साखर आटोक्यात आहे असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक, म्हणजे जयश्री माझ्याशी बोलत नाही, बाकी ठीक. फोन केला नाही, कारण माझं फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि मामला नाजूक आहे.

ताई, दिवाण घेतला! अस्सल सागवानी, पाठीला कोरीव मोर, वेतानं विणलेली बैठक. मोखाड्याच्या बाजाराला गेलो की एका मास्तरांच्या ओटीवरच्या या मोरावर माझी नजर अडकायची, अशी वीस वर्षं गेली. आता मास्तर कायमचे मुलाकडे निघाले आणि मोर मला मिळाला. जयश्रीची अट एकच. शलाका रविवारी दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी येतेय. जुन्या सामानातून एक जरी ढेकूण घरात आला, तर दिवाण भंगारात.

मी म्हटलं, पंचनामा करूनच आणतो. दाभोशाचा रघु सुतार सोबत घेतला. मास्तरांच्या अंगणात दिवाण उलटा घातला, सांध्यासांध्यात बॅटरी मारली, फटींतून जुनं एटीएम कार्ड फिरवलं (त्याला अखेर काहीतरी काम मिळालं), काळे ठिपके शोधले. भुसा पडतो का म्हणून रघुनं पाय ठोकून पाहिले. ‘साहेब, वाळवी नाय, भुंगा नाय, तुम्ही उगाच लाकडाला लाजवताय,’ म्हणाला. तरी मी सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस तिथंच उन्हात ठेवला (मास्तरीणबाईंना वाटलं, आमचा विचार बदलला), आणि मग वेताखाली निरगुडीचा पाला कोंबून जीपच्या टपावरून घरी आणला. सोबत रीतसर कागद. वाळवी : निरंक. भुंगा : निरंक. ढेकूण : निरंक. साक्षीदार, रघु.

जयश्रीनं कागद वाचला आणि म्हणाली, नोकरीभर हेच लिहून पगार घेतलात. हे खोटं नाही. दरमहा इतके तक्ते भरायचे असत की मी न वाचताच निरंक लिहायचो. एकदा ‘हजर कर्मचारी’ या रकान्यातही निरंक गेलं आणि कोणी विचारलंसुद्धा नाही. पण या वेळी मी खरंच पाहिलं होतं गं.

सोमवारी हौसेनं दिवाणावर झोपलो. मंगळवारी सकाळी ढेकूण सापडला. एकच, पण माझ्या रक्तावर चांगला पोसलेला. दिवाण पडवीत गेला, पाठोपाठ माझी उशी. हे पत्र तिथूनच, मोराला टेकून लिहितोय.

तुझा,
उत्तम

ता.क. ढेकूण वेतात नव्हता. वर अंथरलेल्या गोधडीच्या शिवणीत होता. जयश्रीनंच तो चिमटीत धरला, म्हणजे तिलाही ते ठाऊक आहे.

ता.क. २. गोधडी निळ्या काठाची, तू गणपतीत दिलेली. नव्या दिवाणासाठी पहिल्यांदाच घडी मोडली. आता थोरल्या नणंदेच्या गोधडीत ढेकूण निघाला, हे जयश्री मेली तरी तोंडातून काढणार नाही. म्हणून गुन्हा दिवाणावर. भंगारवाला शनिवारी येतोय.

ता.क. ३. तेव्हा ताई, एवढं कर. हे पत्र नाशिक गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. त्याच्याच हाती दोन ओळी पाठव की ‘आमच्या घरी ढेकूण आहेत.’ खाली तुझी सही, साक्षीदार भावोजी. आणि आधी गाद्या उलटून नीट पाहा. नुसतं निरंक लिहून पाठवू नकोस.